बाण दाखवतो, वाट नाही

तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे वळताना दगडात कोरलेला वाघ भेटतो. आता या रानात शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच झाली. आणि अकोले तालुक्यातला हा टापू तर १९८६ पासून अभयारण्य आहे. परदेशी शिकाऱ्यांच्या कमरेला लटकणारे, मुठीत मावणारे जीपीएस यंत्र आपल्याकडे आले ते डोंगरभटक्यांच्या हाती. बंदूक गेली, वाट चुकण्याचे भय राहिले.

यंत्र गुणी आहे, यात वाद नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते आपला ठावठिकाणा सांगते. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संकेतांत मुद्दाम खोट मिसळत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. आता मोकळ्या माळावर ती पाच-दहा मीटरवर आली आहे. पण पाच-दहा मीटर म्हणजे किती, हे कोकणकड्याच्या काठावर धुक्यात उभे राहून ठरवावे!

एका श्रावणात आम्ही त्या कड्यावरून देवळाकडे परतत होतो. धुके असे, की पुढच्याच्या पाठीवरची पिशवी दिसेना. देवळाची खूण सकाळीच यंत्रात नोंदवलेली, त्यामुळे आम्ही निर्धास्त. बाण सरळ देवळाकडे रोखलेला आणि त्याच्यामागून आमचे पाय उतरू लागले ते एका घळीत. यंत्राला देऊळ ठाऊक होते, मधली घळ नव्हती. बरोबरचा पाचनईचा वाटाड्या एकदम थांबला. म्हणाला, "दादा, जाताना पाणी डाव्या हाताला वाजत होतं. आता उजव्या हाताला हवं. हे तर समोर वाजतंय." वीस-पंचवीस पावले माघारी फिरलो, तर दगडांची रचलेली खूण सापडली. हा गडी सकाळपासून दर वळणावर मागे वळून बघत होता. आम्हाला वाटले, कुणाची तरी वाट पाहतोय!

साम्रदजवळच्या सांदण दरीत तर निराळीच गंमत. दोन्ही बाजूंना कातळ, डोक्यावर आकाशाची चिंधी. संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात आणि यंत्र आपल्याला खुशाल भलत्याच जागी नेऊन बसवते.

म्हणून जोडीला साधे होकायंत्र हवे, आणि सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये चुंबकीय खनिजाचे कण असतात. तेव्हा होकायंत्र कातळाला टेकवून वाचू नये. जादा सेल कोरडे ठेवावेत. मोबाइलवर भिस्त असेल तर नकाशा घरीच उतरवून घ्यावा, कारण रेंज नसली तरी मोबाइलला जागा कळते. नकाशा मात्र कोरा राहतो. उपग्रहावरून निरोप धाडणारी परदेशी यंत्रे परवानगीविना बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे, हे परदेशातून येणाऱ्या भाचे-पुतण्यांना आधीच सांगावे.

आणि पाचनईत ज्याच्या घरी जेवण सांगाल, त्यालाच परतायची वेळही सांगा. अंधार पडला की पहिली चौकशी तोच करील.