माहितीची वेचणी

सोयाबीनची काढणी सुरू झाली की वाशीम जिल्ह्यात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "आज भाव काय निघाला?" वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीन हे खरिपाचे मोठे पीक आहे. पूर्वी भाव कळण्यासाठी बाजारातून परतणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडावे लागे. आता बाजार समित्यांमधील आवक आणि भाव संगणकावर पाहता येतात. भारत सरकारचे 'ॲगमार्कनेट' हे संकेतस्थळ २००० साली सुरू झाले. राज्याच्या कृषी पणन मंडळाचेही संकेतस्थळ आहे. पण हवामानाचा अंदाज पाहायचा तर तिसरीकडे जावे लागते आणि शासनाचे निर्णय चौथीकडे. माहिती आहे, पण विखुरलेली आहे.

समजा, कारंजा तालुक्यातील काही शेतकऱ्यांनी मिळून एक शेतकरी उत्पादक कंपनी काढली. (अशी कंपनी काढण्याची सोय २००२ च्या कायद्याने झाली.) कंपनीने सभासदांसाठी एक पोर्टल तयार केले. पोर्टल या शब्दाचा मूळ अर्थ दरवाजा. एकाच दरवाजातून आत गेले की भाव, पाऊस, सरकारी खरेदी, सारे काही समोर दिसावे, ही कल्पना. पण रोज दहा ठिकाणी जाऊन ही माहिती आणणार कोण? हे काम क्रॉलर करतो.

क्रॉलर म्हणजे रांगणारा. मात्र हा प्राणी नाही आणि यंत्रही नाही. तो संगणकाचा एक प्रोग्राम आहे. त्याला आधी काही पत्ते द्यावे लागतात. पहिल्या पत्त्यावर जाऊन तो तेथील पान मागून घेतो, मजकूर उतरवून घेतो आणि त्या पानावरचे दुवे टिपून ठेवतो. दुवा म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याची वाट. मग तो त्या वाटेने पुढच्या पानावर जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मॅथ्यू ग्रे यांनी १९९३ साली असा एक प्रोग्राम केला होता. इंटरनेटवरील जाळे केवढे आहे, हे त्यांना मोजायचे होते. तेव्हा ते मोजण्याइतके लहान होते!

आपल्या कंपनीला मात्र सगळे जग नको आहे. म्हणून क्रॉलरला हद्द आखून द्यावी लागते. कोणत्या संकेतस्थळाबाहेर जायचे नाही, किती दुवे आत शिरायचे आणि पुन्हा कधी यायचे, हे आधी सांगावे लागते. हद्द आखली नाही तर मोठी फजिती होते. एखाद्या दिनदर्शिकेच्या पानात शिरलेला क्रॉलर 'पुढचा महिना', 'पुढचा महिना' असे करत शेकडो वर्षे पुढे जातो आणि बिचारा परतच येत नाही.

दुसऱ्याच्या दारात जायचे तर रीतही पाळावी लागते. पुष्कळ संकेतस्थळांवर 'रोबोट्स' नावाची एक छोटी फाइल असते. कोणत्या खोलीत यावे आणि कोणत्या खोलीत येऊ नये, हे तिच्यात लिहिलेले असते. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली. ही फाइल म्हणजे कुलूप नव्हे, नुसती पाटी आहे. तरी चांगला क्रॉलर ती पाटी वाचतो. तो एकामागून एक पाने भराभर मागत नाही, मध्ये थोडा थांबतो. वर्तमानपत्रातील लेख परवानगीवाचून पोर्टलवर छापणे तर मुळीच योग्य नाही. मथळा आणि दुवा दिला की काम भागते.

आता लिपीची अडचण पाहा. जुन्या मराठी संकेतस्थळांवर पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे इंग्रजी अक्षर असे. क्रॉलर ते इंग्रजी अक्षरच घेऊन येई. अनेक उर्दू वर्तमानपत्रे तर आपली पाने चित्रे म्हणून ठेवत. आपल्याला सुंदर नस्तालीक दिसे, क्रॉलरला मात्र त्यात एकही अक्षर सापडत नसे. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. पुष्कळ कमी झाली, संपली नाही. उर्दूत 'सोयाबीन' लिहून पाहा. त्यात दोन 'ये' येतात. तेथे अरबी 'ये' टंकित केला तरी शब्द अगदी तसाच दिसतो. पण अरबी 'ये'चा क्रमांक वेगळा आहे. म्हणून डोळ्यांना दिसणारा शब्द शोधताना सापडत नाही. दोन्ही 'ये' एकच समजावेत, असे प्रोग्रामला शिकवावे लागते.

सर्वांत मोठा धोका मात्र शिळ्या माहितीचा आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. नव्या हंगामात क्रॉलरने जुने पान आणले आणि पोर्टलने ते तारखेवाचून दाखवले तर काय होईल? व्यापाऱ्याने ४,९०० रुपये देऊ केले की शेतकऱ्याला वाटेल, हमीभावापेक्षा जास्तच मिळाले. खरे तर सरकारी खरेदीच्या भावापेक्षा त्याला क्विंटलमागे ४२८ रुपये कमी मिळतील. वीस क्विंटल माल असेल तर ८,५६० रुपये गेले. यात क्रॉलरचा दोष नाही. त्याला पान आणायला सांगितले होते, त्याने ते आणले. कापूस वेचणारी बाई उमललेले बोंड पाहून हात घालते; क्रॉलरला तशी नजर नसते.

म्हणून पोर्टलवर प्रत्येक आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. आकडा कोठून आणला आणि तो कोणत्या तारखेचा आहे. ज्या दिवशी बाजार बंद असेल, त्या दिवशी भावाची जागा कोरी ठेवावी. कालचा भाव तेथे भरू नये.