मॉर्फिनचा उपयोग आणि त्याचा हिशेब

कर्करोगाच्या रुग्णास मॉर्फिन देणे म्हणजे त्यास नशेची सवय लावणे नव्हे काय, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक व संस्थेचे हितचिंतक वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखक वैद्यक नाही. रुग्णालयाचे प्रशासन व जमाखर्च हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. तथापि या औषधाच्या बाबतीत कायदा व हिशेब यांचे महत्त्व वैद्यकशास्त्राइतकेच असल्याने हा विषय वार्षिक अहवालात मांडणे उचित वाटते.

मॉर्फिन हे अफूपासून मिळते. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत शासकीय परवान्यानुसार अफूची लागवड होते आणि नीमच व गाझीपूर येथील शासकीय कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया केली जाते. मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट केंद्रांवर परिणाम करून मॉर्फिन वेदनेचा संदेश क्षीण करते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ वापरतात ते फेंटानिल याच वर्गातील, परंतु प्रयोगशाळेत तयार झालेले औषध होय. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. गुंगी आणणे निराळे आणि वेदना शमविणे निराळे. केवळ झोपेचे औषध दिल्यास रुग्ण शांत दिसतो. त्याची वेदना मात्र तशीच राहू शकते.

प्राण्यांच्या बाबतीतही हा विचार करावा लागतो. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी आपल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आणून सोडण्यात आल्या, हे वाचकांस स्मरत असेल. मार्जारकुळातील प्राणी अफूवर्गीय औषधांच्या मोठ्या मात्रेने शांत होण्याऐवजी उत्तेजित होऊ शकतात. म्हणून वाघ-बिबट्यांसाठी सामान्यतः झायलाझिन व केटामिन ही निराळ्या वर्गातील औषधे वापरतात. याउलट २०११ मध्ये बालाघाट-मंडला भागातील कान्हा येथून बांधवगडला गवे हलविताना एटॉर्फिन हे अफूवर्गीय औषध वापरण्यात आले. ते मॉर्फिनहून हजारपटीपेक्षा अधिक तीव्र असल्याने त्याचा अल्पसा अंशही माणसास घातक ठरू शकतो. म्हणूनच प्रतिऔषध जवळ ठेवल्याखेरीज पशुवैद्यक ते हाताळत नाहीत. तात्पर्य, औषधाची योग्यता रुग्ण, मात्रा व देखरेख यांवर ठरते.

आपल्या भागात तंबाखू व खर्रा यांच्या व्यसनामुळे मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. उपचारांसाठी ते सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूरला जातात आणि उपचार संपले अथवा थांबले की देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव अशा तालुक्यांतील आपल्या गावी परततात. आजार बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत सुचविली: प्रथम साधी वेदनाशामके, नंतर सौम्य अफूवर्गीय औषधे आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन. साधी गोळी सामान्यतः दर चार तासांनी, अल्प मात्रेपासून सुरू करून देतात. तिची किंमतही फार नसते.

भीतीसंबंधी वस्तुस्थिती अशी की, तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णांत व्यसन क्वचितच जडते. शरीरास औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी बंद करू नये. परंतु ही सवय म्हणजे व्यसन नव्हे. बद्धकोष्ठता बहुतेकांस होते व तिच्यासाठी रेचक सोबतच द्यावे लागते. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. अतिमात्रेने श्वास मंदावतो, हा धोका खरा आहे. त्यासाठी नालोक्सोन हे प्रतिऔषध उपलब्ध आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

मग औषध मिळत का नव्हते? १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये कायद्यात कठोर शिक्षा आल्या व निरनिराळ्या परवान्यांचे जाळे निर्माण झाले. नोंदीतील चुकीसाठीही कारावास होईल या धास्तीने रुग्णालये व औषधविक्रेते यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले; पुढील बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. संसदेने २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती केली. २०१५ च्या नियमांनुसार मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा अत्यावश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरेशी ठरते.

मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर असावा लागतो. साठा सुरक्षित ठेवणे, आवक-जावक व शिल्लक यांची रोजची नोंद करणे आणि वार्षिक विवरण व पुढील वर्षाच्या गरजेचा अंदाज सादर करणे, ही कर्तव्येही संस्थेवर येतात. जी संस्था देणगीच्या प्रत्येक रुपयाची पावती फाडते, तिला गोळ्यांचा हिशेब ठेवणे जड जाऊ नये. कडक हिशेबामुळे औषध चुकीच्या हाती पडत नाही आणि डॉक्टरांसही निर्धास्तपणे ते लिहून देता येते.

सबब आगामी वर्षात एका डॉक्टरांस या प्रशिक्षणास पाठवून मान्यतेसाठी अर्ज करावा, असे प्रशासनाच्या वतीने विश्वस्त मंडळास नम्रपणे सुचवावेसे वाटते. यासाठी नवी इमारत अथवा महागडे यंत्र लागत नाही. कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि प्रशिक्षित माणूस एवढेच लागते. आयुष्याचे अखेरचे दिवस आपल्या गावी घालविणाऱ्या रुग्णास रात्रीची झोप मिळावी, हेही रुग्णालयाचेच कर्तव्य होय.