शेवटच्या घराचा वेग

नवरात्रात देवासच्या टेकडीवर दर्शनाच्या रांगेत उभे राहा. फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा असतात, पण आरतीचा व्हिडिओ काही केल्या पुढे सरकत नाही. टॉवर कमजोर नसतो, त्याच्यावर भार फार असतो. समजा ३०० जण तीच आरती फोनवर पाहत आहेत आणि प्रत्येकाला सेकंदाला १ मेगाबिट लागतो. मग टॉवरला तीच आरती ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट पाठवावी लागते.

मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो. माझं घर देवासचं आणि आजोळ धारचं, त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो, "अरे, आकाशवाणीसारखं सगळ्यांना एकदाच का नाही पाठवत?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. इंदूरच्या मालवा हाउसमधून आकाशवाणी १९५५ पासून बोलते आहे. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, प्रक्षेपण एकच. मोबाइलमध्येही ही सोय आहे. ४जीमध्ये तिला 'ईएमबीएमएस' म्हणतात, आणि दक्षिण कोरियाच्या केटी कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये ती व्यावसायिक स्वरूपात सुरूही केली. एक प्रत पाठवायची, हवी त्याने घ्यायची.

मग अडतं कुठे? वेग ठरवताना.

एरवी टॉवर प्रत्येक फोनशी वेगळं बोलतो. फोन जवळ असेल तर तो एका ठोक्यात ६ बिट पाठवतो. लांबच्या फोनला एवढं झेपत नाही, म्हणून त्याला सावकाश, एका ठोक्यात २ बिट. आजीशी बोलताना आपण आवाज चढवून एकेक शब्द सुटा बोलतो आणि नातवाशी भरभर बोलतो, तसंच हे. पण सगळ्यांना एकदम सांगायचं असेल, तर बोलण्याची गती एकच ठेवावी लागते. ती आजीला कळेल अशी ठेवली, तर सगळ्यांनाच चित्र साधं मिळतं. नातवाच्या सोयीची ठेवली, तर आजीला काहीच मिळत नाही. प्रक्षेपणात 'थोडं अंधुक' असं फारसं नसतं. एका मर्यादेपलीकडे चित्र थेट बंदच पडतं.

देवास शहरात हा प्रश्न फार जाणवणार नाही. धार जिल्ह्यात जाणवेल. मांडूकडून खाली निमाडात उतरताना डोंगर सिग्नल अडवतात. दरीतल्या चार घरांसाठी सगळ्या जिल्ह्याचा वेग कमी करायचा, की त्या चार घरांना सोडून द्यायचं? नियोजनाच्या कागदावर ही चार घरं म्हणजे फक्त टक्केवारीतला शेवटचा आकडा असतो.

यावर उपाय शोधले गेले आहेत. पहिला, शेजारच्या टॉवरांनी तेच, त्याच क्षणी पाठवायचं. मग दोघांच्या मधल्या घराला दोघांचाही सिग्नल उपयोगी पडतो. अट एकच, दोन्ही लहरी फार मागेपुढे पोचता कामा नयेत. ४जीच्या सुरुवातीच्या रचनेत दोन वाटांमधला फरक साधारण ५ किलोमीटरपर्यंत चालायचा. शहराला तो पुरेसा होता, पण टॉवर लांब लांब असलेल्या खेड्यांना अपुरा. पुढच्या सुधारणेत तो ६० किलोमीटरपर्यंत नेता आला, म्हणजे जवळजवळ इंदूर ते धार. पण ही सवलत फुकट नाही. लहरींची वाट पाहण्यात जास्त वेळ राखून ठेवावा लागतो आणि वेगातला काही भाग तिथे खर्च होतो.

दुसरा उपाय थरांचा. आवाज आणि साधं चित्र मजबूत थरात, सगळ्यांसाठी. चित्राचा बारकावा वरच्या थरात, जवळच्यांसाठी. तिसरा उपाय मोजणीचा. पाहणारे दोघंच असतील तर वेगवेगळ्या प्रती स्वस्त पडतात, गर्दी झाली की एकच प्रत. नेटवर्क फोनांना तसं विचारून घेऊ शकतं.

आपल्याकडे अशी व्हिडिओ सेवा अजून घरोघरी नाही. त्यासाठी फोनमध्येच सोय हवी, आणि हल्ली प्रत्येकाला आपापल्या वेळेला पाहायचं असतं. इंटरनेटशिवाय थेट फोनवर प्रक्षेपण करण्याच्या चाचण्या मात्र प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांच्या सहभागाने झाल्या आहेत. आणि एक प्रक्षेपण तुम्ही अनुभवलेलंच असेल. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या चाचणीत फोन अचानक मोठ्याने वाजले होते, आठवतं? तो आणीबाणीचा इशारा अगदी छोटा, सगळ्यांना एकच. तिथे वेगाची चिंता नव्हतीच, फक्त पोच महत्त्वाची होती.

मला वाटतं, क्रम तोच असावा: आधी सगळ्यांपर्यंत पोचेल एवढं, मग उरलेल्या जागेत सुंदर चित्र.

मंडळाच्या गणेशोत्सवाचं थेट प्रक्षेपण आता तुम्ही तरुण मंडळीच करता. तिथे प्रत्येकाची प्रत वेगळी असते, आणि सिग्नल कमी पडला की चित्र आपोआप साधं होतं. तेव्हा पडद्यावरची बारीक अक्षरं सगळ्यात आधी जातात. म्हणून बक्षिसांची नावं आणि पुढच्या कार्यक्रमाची वेळ नुसती पडद्यावर लिहू नका, माइकवर वाचूनही दाखवा. आवाजाला जागा सगळ्यात कमी लागते, त्यामुळे घाटाखालच्या आत्याकडेही तो पोचतो.