हे काय जायचं वय होतं?

माझे वडील गेले तेव्हा ४६ वर्षांचे होते. ट्रक चालवायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच म्हणायचा, "हे काय जायचं वय होतं का?" पुढे तीस वर्षं कोल्हापुरात मी संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा कळलं की लोकसंख्येचे अभ्यासक याच वाक्याचं गणित मांडतात. ७० वर्षांची एक रेघ धरायची (कुणी ६५ धरतं, कुणी ७५) आणि तिच्याआधी गेलेल्या प्रत्येकाची उरलेली वर्षं मोजायची. वडिलांची २४. अडुसष्टाव्या वर्षी गेलेल्या आजोबांची फक्त २. सरासरी आयुर्मानात तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्यांची एकत्र भेसळ होते. अकाली मृत्यूचं गणित मात्र घर चालवणाऱ्या वयाच्या माणसांकडे बघायला लावतं.

मुलगा फिनलंडमध्ये, हेलसिंकीत नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे होते. तिथून बोटीत बसलं की दोन तासांत टॅलिन, एस्टोनियाची राजधानी. मधे जेमतेम ८० किलोमीटर समुद्र. फिनिश आणि एस्टोनियन या भाषा मावसबहिणी शोभाव्यात इतक्या जवळच्या. सोव्हिएत काळात टॅलिनचे लोक अँटेना वळवून फिनलंडचा टीव्ही बघायचे. अकाली मृत्यूच्या तुलनेला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. १९६० च्या आसपास दोन्हीकडच्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६५ च्या आगेमागे, जवळजवळ सारखंच होतं. २००० साली फिनलंडचा पुरुष ७४ वर पोचला होता. एस्टोनियाचा अजून ६५ वरच. चाळीस वर्षं गेली आणि काटा जागचा हलला नाही!

फिनलंड मुळात निरोगी होता असं मात्र कुणी समजू नये. साठच्या दशकात हृदयविकारानं कर्ते पुरुष मरण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक जिथे होतं, त्यात पूर्व फिनलंड पुढे होता. जंगलात लाकूडतोड करणारी, अंगानं दणकट माणसं पन्नाशीच्या आत छातीवर हात ठेवून कोसळायची. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचं दूध, खारवलेलं मांस आणि सिगारेट हा रोजचा रतीब. लढाईच्या काळातली उपासमार पाहिलेल्यांना लोणी म्हणजे घरात बरकत आल्याची खूण, ते सोडा म्हणणार कोण? पण पूर्व फिनलंडमधल्या उत्तर कारेलियाच्या लोकांनीच १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला, आमच्यासाठी काहीतरी करा म्हणून. १९७२ मध्ये काम सुरू झालं. प्रमुख होता पेक्का पुस्का नावाचा, तिशीही न गाठलेला डॉक्टर.

मला या कामाची रीत फार आवडते. रोग्यांना एकेकटं गाठून दटावण्यापेक्षा त्यांनी सगळ्या जिल्ह्याचं ताट बदलायला घेतलं. आपल्याकडच्या महिला मंडळांसारखी तिथे 'मार्था' नावाची संघटना आहे. तिच्या बायकांनी गावोगावी संध्याकाळी बैठका घेतल्या, नेहमीच्या मांसाच्या रश्शात जास्त भाज्या घालून तो लोकांना वाढला. दुधावर पोट असलेल्या काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत मिळाली, म्हणजे त्यांचा चरितार्थ बुडणार नाही. १९७७ पासून हे काम देशभर नेलं. पुढच्या चार दशकांत उत्तर कारेलियातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

पलीकडच्या किनाऱ्यावर, एस्टोनियात, त्याच वर्षांत हृदयविकार, दारू आणि अपघात मिळून चाळिशी-पन्नाशीतले पुरुष नेत राहिले. १९८५ मध्ये सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हनं दारूवर कडक निर्बंध आणले आणि आयुर्मान दोन-तीन वर्षांत झटकन वर गेलं. मोहीम ढिली पडली तसं पुन्हा खाली आलं. इतका झटपट चढउतार बघूनच दारूचा हात किती मोठा होता ते कळतं. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. पाठोपाठ महागाई आली, कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या. १९९४ मध्ये एस्टोनियन पुरुषाचं आयुर्मान ६१ च्या आसपास होतं. फिनलंडपेक्षा सुमारे १२ वर्षांनी कमी, आणि स्वतःच्याच देशातल्या बायकांपेक्षाही तितकंच कमी.

त्यानंतरची चढण मात्र मला थक्क करते. २०१९ पर्यंत एस्टोनियन पुरुष ७४ च्या पुढे गेला, फिनलंडचा ७९ वर. बाराचं अंतर पाचावर आलं. म्हणजे फिनलंड २००० मध्ये जिथे होता, तिथे एस्टोनिया एकोणीस वर्षांनी पोचला. (मृत्यूदरांची तुलना करताना दोन्ही देशांची वयरचना सारखी धरावी लागते. फिनलंडमध्ये म्हातारी माणसं जास्त. नुसते मृत्यू मोजले तर आकडे फसवतात.)

आणि समुद्र दोन्ही बाजूंनी वाहतो. एस्टोनिया १ मे २००४ ला युरोपीय संघात येणार, तिकडून स्वस्त दारू बोटी भरभरून येणार, म्हणून फिनलंडनं मार्चमध्येच स्वतःच्या दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश कमी केला. त्याच वर्षी दारूचे बळी वाढले. लोण्याशी इतक्या चिकाटीनं झुंजलेल्या सरकारनं हे करावं, याचं मला खरंच वाईट वाटलं. टॅलिनहून परतीच्या बोटीवर बियरच्या खोक्यांनी लादलेल्या हातगाड्या ओढणारे लोक मी पाहिले. बहुतेक पुरुष, बहुतेक माझ्या मुलाच्या वयाचे.

त्याच दिवशी सकाळी टॅलिनच्या मेत्साकाल्मिस्तु दफनभूमीत गेले होते. पाइनच्या दाट झाडीत साधे, बुटके दगड. मला सवयच आहे, दोन सालं दिसली की वजाबाकी होते. १९४६–१९९४. अठ्ठेचाळीस. खाली बायकोचं नाव, तिचं जन्मसाल, आडवी रेघ, आणि पुढची जागा कोरी. समोर ताजी फुलं होती, माती नुकतीच ओली केलेली.

आमची आई वडिलांमागे अडतीस वर्षं जगली.