महाद्वाराबाहेरचा दगड

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, चोखोबांची समाधी आहे. तिची कथा आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असते. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली. खाली गाडल्या गेलेल्या मजुरांत चोखोबा होते. नामदेवांनी ढिगारा उपसून हाडे कानाशी धरली. ज्यांतून ‘विठ्ठल’ नाम ऐकू आले ती चोखोबांची, म्हणून पंढरीला आणली.

कथा गोड आहे. पण आम्हाला तिच्यातली भिंतच जास्त खरी वाटते. जे कूस महारांच्या हातांनी उभे राहत होते, त्याच्या आत त्यांना घर नव्हते. आणि एवढे नाम घेणाऱ्या हाडांनाही जागा मिळाली ती दाराबाहेरच! साने गुरुजींच्या उपोषणानंतर मे १९४७ मध्ये ते दार अस्पृश्यांना उघडले, म्हणजे चोखोबा गेल्यावर ६०९ वर्षांनी.

आपण विठोबा सोडला, मग ही समाधी कशाला पाहायची, असे तरुण मुले विचारतात. आम्ही त्यांच्यापुढे १९४८ चा ‘दि अनटचेबल्स’ ठेवतो. बाबासाहेबांनी तो ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.