संस्थितीय निरोधकाच्या कडेवरील इलेक्ट्रॉन

अंतर्भाग निरोधक, परंतु कड संवाहक, असा पदार्थ सकृद्दर्शनी विसंगत वाटतो. १९८० साली फॉन क्लित्सिंग ह्यांना आढळलेल्या पुंज हॉल परिणामाचा उलगडा अशाच संवाहक कडेच्या आधारे करण्यात आला. तेथे मात्र प्रबळ चुंबकीय क्षेत्र आवश्यक होते. क्षेत्रावाचूनही अशी कड संभवते, हे केन व मेले ह्यांनी २००५ मध्ये ग्रॅफीनच्या संदर्भात दाखविले. परंतु ग्रॅफीनमध्ये परिवलन व कक्षीय गती ह्यांचे युग्मन अतिशय क्षीण असते. पुढील वर्षी बर्नेविग, ह्यूज व झांग ह्यांनी मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थराकडे लक्ष वेधले.

ह्या थराची जाडी सुमारे ६.३ नॅनोमीटरहून अधिक झाली की ऊर्जापट्टांचा नेहमीचा क्रम उलटतो. थराबाहेर तो सरळच असतो. उलट्या क्रमापासून सरळ क्रमाकडे जाताना पट्टांमधील अंतर सीमेवर कोठेतरी मिटणे अपरिहार्य ठरते, आणि तेथेच कडेच्या अवस्था उत्पन्न होतात. एका कडेवर एका परिवलनाचे इलेक्ट्रॉन उजवीकडे, तर विरुद्ध परिवलनाचे डावीकडे जातात.

वाटेत अशुद्धी आल्यास इलेक्ट्रॉन मागे का फिरत नाही? मागे फिरावयाचे तर परिवलन उलटले पाहिजे. ते अशुद्धीभोवती दोन परस्परविरुद्ध दिशांनी उलटू शकते; ह्या दोन मार्गांत ३६० अंशांच्या परिभ्रमणाचा फरक पडतो. अर्धपूर्णांकी परिवलनाच्या तरंगाचे चिन्ह तेवढ्याने बदलते, म्हणून दोन्ही तरंग परस्परांस नाहीसे करतात. अशुद्धी चुंबकीय असेल तर मात्र हा युक्तिवाद कोसळतो, कारण त्याचा सारा भार कालविपर्यय सममितीवर आहे.

२००७ मध्ये व्युर्त्सबुर्ग येथे मोलेनकांप ह्यांच्या गटाने ह्याची परीक्षा घेतली. एक मायक्रोमीटर लांबीच्या नमुन्यांत रोध सुमारे १२.९ किलोओहम, म्हणजे क्लित्सिंग स्थिरांकाच्या निम्मा आढळला. रुंदी निम्मी करूनही तो बदलला नाही. प्रवाह कडेनेच वाहतो, ह्याचा ह्याहून सरळ पुरावा मिळणे कठीण. परंतु २० मायक्रोमीटर लांबीच्या नमुन्यात रोध पुष्कळच अधिक भरला. लोकप्रिय लेखनात ह्या कडेस सर्रास ‘रोधशून्य’ म्हटले जाते; ते अयथार्थ होय. रोधाच्या प्रमाणमापनास पायाभूत झालेल्या पुंज हॉल परिणामाची काटेकोर अचूकता येथे नाही. अप्रत्यास्थ विकिरणात सममिती अबाधित राहूनही इलेक्ट्रॉन मागे फिरू शकतो.