पाकिटावरचं इंग्रजी कोणत्या गावचं?

आज इंग्रजी शब्दांबद्दल बोलायचंय. रेडिओ बंद करू नका, ही शिकवणी नाही. लोणची, चटण्या, वेफर्स, शेवया करणाऱ्या आपल्या गटांच्या पाकिटांवर आता इंग्रजी नावं छापलेली असतात. ही पाकिटं प्रदर्शनात जातात, शहरातल्या दुकानात जातात, आणि कुणाच्या तरी लेकीच्या बॅगेतून थेट अमेरिकेला नाहीतर लंडनलाही पोचतात. तिथे ते इंग्रजी वाचणाऱ्याला काय कळतं, ते आज बघू.

आधी घरातलंच उदाहरण घेते. कोल्हापूरकडे सासूबाई म्हणाल्या, 'कालवणात चमचाभर चटणी घाल', तर घालायचं असतं लाल मसाल्याचं तिखट. नागपूरकडून आलेली नवी सून बुचकळ्यात पडेल. तिच्या लेखी चटणी ताटात वाढायची. पोळीचंही तसंच. पुण्यात रोजची चपाती ती पोळी, आणि कितीतरी गावांत पोळी म्हटलं की पुरणाचीच. दोघीही मराठीच बोलतात आणि चूक कुणाचीच नसते. इंग्रजीचंही असंच झालंय, फक्त मधलं अंतर समुद्राएवढं.

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडची माणसं अमेरिकेत जाऊन वसू लागली. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनी व्यापारासाठी आपल्याकडे आली. भाषा एकच, पण तिला वेगवेगळे शेजारी मिळाले आणि प्रत्येक ठिकाणी तिने शेजाऱ्यांकडून शब्द उचलले. वांग्याला आपण ब्रिंजल म्हणतो, तो शब्द पोर्तुगिजांमुळे आला. इंग्लंडमध्ये वांगं म्हणजे ऑबरजीन, तो फ्रेंचांचा. अमेरिकेत त्याला एगप्लांट म्हणतात, म्हणजे अंड्याचं झाड! पूर्वी तिकडे पोचलेल्या काही जातींची वांगी पांढरी, अंड्यासारखी दिसायची, म्हणून हे नाव. भरल्या वांग्याला हे नाव शोभत नाही, पण आहे खरं.

नाव अनोळखी असलं तर निदान समोरचा विचारतो, 'हे काय आहे?' खरी पंचाईत होते ती शब्द तोच आणि वस्तू दुसरी असली की. तेव्हा कुणी विचारतच नाही, कारण दोघांनाही वाटतं, आपल्याला कळलं.

केळ्याचे वेफर्स घ्या. आपले कितीतरी गट ते करतात. पण इंग्लंड-अमेरिकेत वेफर म्हणजे पातळ, कुरकुरीत बिस्किट, बऱ्याचदा आत क्रीमचा थर असलेलं. पाकिटावर 'बनाना वेफर्स' वाचून तिथल्या माणसाला केळ्याच्या वासाचं गोड बिस्किट डोळ्यांपुढे येईल आणि तोंडात पडेल मीठ-मिरी. 'बनाना चिप्स' लिहिलं तर दोन्हीकडे कळतं. बटाट्याचं मात्र तसं नाही. अमेरिकेत बटाट्याचे चिप्स म्हणजे आपले वेफर्स, तर इंग्लंडमध्ये चिप्स म्हणजे बटाट्याच्या जाड, गरम तळलेल्या फोडी. वेफर्सना ते क्रिस्प्स म्हणतात.

कोथिंबिरीचंही बघा. आपण आणि इंग्लंडवाले पानांना आणि धन्यांना, दोन्हींना कोरिएंडर म्हणतो. अमेरिकेत कोरिएंडर म्हणजे धने. पानं म्हणजे सिलँट्रो, हा शब्द स्पॅनिश भाषेतला. भेंडीला आपण लेडीज फिंगर म्हणतो, तिकडे लेडीफिंगर हा लांबट, हलका, केकसारखा गोड पदार्थ आहे. भेंडीला म्हणायचं ओक्रा.

मोबाइलवर बघून केक-कुकीज करणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. अमेरिकन बाई 'कॉर्न फ्लोअर' म्हणते ते मक्याचं बारीक पीठ. आपल्या दुकानात त्याच नावाने मिळते ती पांढरीशुभ्र मक्याची सत्त्वाची पूड, तिला ती 'कॉर्न स्टार्च' म्हणेल. आणि टेबलस्पून बहुतेक देशांत १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. साखरेत हा फरक खपून जातो, खायच्या सोड्यात खपत नाही.

इथवरचं हसण्यावारी नेलं तरी चालेल. आता सांगते ते मात्र लिहून घ्या.

शेंगदाण्याची चटणी आपल्या कितीतरी गटांचं खात्रीचं उत्पादन. लेबल ठरवायच्या बैठकीत हमखास प्रश्न येतो, ग्राउंडनट लिहायचं की पीनट? आपल्याकडे दोन्ही चालतात. बाजार समितीत, तेलाच्या डब्यावर ग्राउंडनट जास्त दिसतो, म्हणून बायकांना तोच खरा इंग्रजी वाटतो. पण अमेरिकेत बहुतेकांच्या बोलण्यात तो नाहीच. तिथे त्या नावाचा एक वेगळाच रानवेल आहे, त्याचे कंद खातात. आणि शेंगदाण्याचं वावडं असलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, तिकडे पुष्कळ. वावडं म्हणजे पोट बिघडणं एवढंच नव्हे. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडकतो, वेळेत इलाज झाला नाही तर जीवही जातो. असं मूल असलेली आई प्रत्येक पाकिटावर एकच शब्द शोधते, 'पीनट'. तो दिसला नाही तर ती पाकीट मुलापुढे ठेवील. आपण ग्राउंडनट छापलं, म्हणजे खरं तेच छापलं, पण ते तिला कळलंच नाही.

तिळाचंही तसंच. तिळाच्या तेलाला आपल्या देशात, जास्त करून दक्षिणेत, जिंजेली म्हणतात. बाहेर हा शब्द कोण ओळखणार? तिथे तीळ म्हणजे सेसमी. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तिळाची नोंद कायद्याने सक्तीची आहे. शेंगदाण्याची सक्ती २००४ च्या कायद्यानेच आली. आपल्या देशातही लेबलावर शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन अशा वावड्याच्या जिनसांची नोंद करावी लागते. परदेशी माल पाठवायचे परवाने हा वेगळा विषय, त्यावर नंतर कधीतरी बोलू. पण नातेवाइकांबरोबर जाणाऱ्या पाकिटांवरही पीनट आणि सेसमी हेच शब्द ठळक छापा.

औषधाचं एक सांगते, कारण लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाणाऱ्या आया आता आपल्या तालुक्यातही आहेत. तापाची गोळी पॅरासिटामॉल आपल्याला माहीत आहे. अमेरिकेत आणि कॅनडात तिचं नाव असिटामिनोफेन. औषध तेच, रेणूच्या लांबलचक नावातून दोघांनी वेगवेगळे तुकडे उचलले. होतं काय, आई इथून नेलेली गोळी घेते आणि वर जावई तिथलं सर्दीचं औषध आणून देतो. तिकडच्या अनेक सर्दीच्या औषधांत असिटामिनोफेन असतंच. म्हणजे एकच औषध दोनदा पोटात. धडधाकट मोठ्या माणसानेही २४ तासांत ते ४ ग्रॅमच्या वर घ्यायचं नाही, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या झाल्या. त्यापुढे यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. म्हणून जाणारीच्या गोळ्यांच्या पिशवीत दोन्ही नावं लिहिलेली चिठ्ठी टाका.

शेवटी तारीख. आपण ०४/०९ लिहिलं की ४ सप्टेंबर. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तिथे ती ९ एप्रिल होते. चांगली चटणी मुदत संपली समजून कचऱ्यात जाईल, नाहीतर संपलेली कुणी चवीने खाईल. लेबलाचं काम छापखान्यात द्याल तेव्हा त्याला सांगा, महिना आकड्यात नको, अक्षरात टाक. पैसे तेवढेच लागतात.